मांजर असलेल्या घरात कोणती झाडे ठेवावीत आणि कोणती काढावीत

पुण्यातील फ्लॅटमध्ये मांजर आणि कुंड्या बहुधा एकाच गॅलरीत नांदतात. म्हणून आधी घरातील, गॅलरीतील आणि जिन्यातील प्रत्येक झाडाचे नाव लिहून काढावे. नाव ठाऊक नसेल तर पानाफुलांचा फोटो नर्सरीत दाखवून शास्त्रीय नावच विचारावे, कारण प्रचलित नावे येथे फसवतात.

सर्वांत मोठी फसगत ‘लिली’ या नावाने होते. बुकेमध्ये हमखास येणारी ओरिएंटल आणि एशियाटिक लिली (म्हणजे लिलियम) तसेच डे लिली मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात. त्यासाठी पान चावणे, फुलदाणीतले पाणी पिणे किंवा अंगावर सांडलेले पराग चाटणे एवढेही पुरते. पीस लिली मात्र निराळी. तिने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण सहसा जिवावर बेतत नाही. मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली तिसरीच; तीही विषारी आहे, विशेषतः तिचा कंद.

यादी झाली की लिलियम, डे लिली, सायकस, कण्हेर, बिट्टी, अडेनियम आणि कळलावी सरळ घराबाहेर काढावीत. सायकस यकृतावर घाला घालते आणि तिच्या बिया सर्वांत घातक असतात, तर कण्हेर, बिट्टी व अडेनियम यांचे विष हृदयाची लय बिघडवते. कुंडी उंच फळीवर ठेवणे हा उपाय नव्हे. मांजराला उंची म्हणजे आमंत्रणच. पूजेसाठी कण्हेरीची फुले आणत असाल, तर परडी आणि निर्माल्य दोन्ही झाकणाच्या डब्यात ठेवावे.

मनी प्लांट आणि डिफेनबॅकिया यांच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, जे तोंडात टोचतात. मनी प्लांट टाकून द्यावा असे मला वाटत नाही. तो टांगावा आणि लोंबणारे वेल छाटत राहावे. डिफेनबॅकियाची पाने जमिनीलगत असतात, तेव्हा ती शेजाऱ्यांना दिलेली बरी, अर्थात त्यांच्याकडे मांजर नसेल तर.

रिकाम्या जागी अरेका पाम किंवा स्पायडर प्लांट लावावा. मांजराला गवत कुरतडायचेच असते, म्हणून मूठभर गहू रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरावेत. आठ-दहा दिवसांत त्याच्या हक्काचे गवत तयार होते.

तरीही लिली चावल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट पाहू नये. सुरुवातीच्या उलट्या थांबून मांजर बरे वाटू लागते, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. सलाइन पहिल्या 18 तासांच्या आत सुरू झाले तर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. अंगावरचे पराग ओल्या फडक्याने पुसावेत, मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, आणि झाडाचा तुकडा पिशवीत घालून पशुवैद्यांकडे न्यावा. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच फोन करून विचारावे आणि तो क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवावा.