सी ड्राइव्हची जागा खातंय कोण? फोटो डिलीट करण्याआधी या चुका टाळा

काल रात्री कॉम्प्युटर बंद केला तेव्हा सी ड्राइव्हवर २२ जीबी जागा रिकामी होती. आज सकाळी ९ जीबीच उरली आहे, आणि मधल्या वेळात घरात कुणीही काही डाउनलोड केलेलं नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा जातो तो फोटो आणि व्हिडिओंच्या फोल्डरकडे. माझी कळकळीची विनंती आहे, नेमकं तेच करू नका. फोटो काही रात्रीतून वाढलेले नाहीत. जे वाढलं ते अजून सापडलेलंच नाही, आणि ते सापडेपर्यंत फोटो पुसून मिळवलेली जागा आठवड्याभरात पुन्हा भरणार. फोटो मात्र गेले ते गेलेच. ड्राइव्ह एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेला, असेल तर रिसायकल बिन रिकामा केल्यावर फाइल परत मिळण्याची आशा जवळजवळ सोडावी लागते, कारण ट्रिम नावाची सोय त्या जागेवरचा मजकूर लगेच निकालात काढते.

यापुढचं बरंचसं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे.

जागा कमी आहे, की कमी होत चालली आहे?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची गल्लत ही सगळ्यात मोठी चूक. १ टीबीची नवी डिस्क लावली आणि विंडोजने ९३१ जीबी दाखवले, तर काहीही हरवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. त्याच हिशेबाने ५०० जीबीचे ४६५ होतात आणि २५६ चे २३८. शिवाय विंडोज बिघडल्यास दुरुस्त करण्यासाठी डिस्कचा एक लपवलेला भाग, म्हणजे रिकव्हरी पार्टिशन, असतो. २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून नव्याने टाकलेलं विंडोज अपडेटसाठी सुमारे ७ जीबी जागा आधीच अडवून ठेवतं. ही सगळी कायमची वजावट आहे, गळती नव्हे.

गळती ओळखायची तर एक कागद घ्या. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ आणि प्रत्येक रीस्टार्टच्या आधी आणि नंतर रिकाम्या जागेचा आकडा लिहून ठेवा. हे फार साधं वाटतं, पण अर्ध्याहून जास्त उत्तर याच कागदावर असतं. रीस्टार्टनंतर जागा परत मिळत असेल, तर पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) किंवा कुठल्या तरी प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या फाइल. एकदम मोठा तुकडा गेला असेल, तर अपडेट, रिस्टोअर पॉइंट (बिघाड झाल्यास मागे जाता यावं म्हणून विंडोजने ठेवलेली सिस्टीमची नोंद) किंवा बॅकअप. कॉम्प्युटर चालू असताना तासातासाला थोडी थोडी जात असेल, तर कुणीतरी सतत लिहीत बसलं आहे.

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर रोज साधारण २ जीबी जात होते. आधी व्हायरसचा संशय घेतला, मग अपडेटचा. कागदावरच्या नोंदी पाहिल्यावर लक्षात आलं की इंटरनेट बंद असलं तरी जागा तेवढीच घटते आहे. म्हणजे बाहेरून काही येत नव्हतं. शेवटी सापडली ती एकच अवाढव्य लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती फाइल. जुना प्रिंटर आम्ही केव्हाच काढून टाकला होता, पण त्याच्यासोबत आलेला प्रोग्रॅम तसाच होता. तो क्षणाचीही उसंत न घेता प्रिंटर शोधत राहायचा आणि सापडला नाही की दर वेळी तशी लांबलचक नोंद लिहायचा. मी लॉग पुसला, दोन दिवसांत तो पुन्हा फुगला. प्रोग्रॅम काढला तेव्हाच गळती थांबली. म्हणून मोठी फाइल सापडली की तिच्यावर कोण लिहितंय हेही पाहा. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कच्या टॅबवर कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलवर किती लिहितो आहे हे त्या क्षणी दिसतं.

बेरीज जुळत नाही म्हणून घाबरू नका

सी ड्राइव्हवरचे सगळे फोल्डर निवडून प्रॉपर्टीज पाहिल्या तर १२० जीबी येतात आणि ड्राइव्ह म्हणतो २१० भरले आहेत. मग मधले ९० गेले कुठे? ते आहेत, फक्त तुम्हाला दाखवलेले नाहीत. ज्या फोल्डरमध्ये शिरण्याची परवानगी नाही, ते एक्स्प्लोरर मोजत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाचं खातं, लपवलेल्या सिस्टीम फाइल, सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हा फोल्डर, हे सगळं हिशेबाबाहेर राहतं.

त्यासाठी विझट्री, विनडरस्टॅट किंवा ट्रीसाइझ यांपैकी एखादं साधन वापरा, आणि ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवा. तसं न केल्यास तीच अर्धवट बेरीज पुन्हा हाती येते. मी विझट्री वापरतो, कारण ते फोल्डरमागून फोल्डर धुंडाळत बसत नाही. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल व्यवस्थेच्या मुख्य नोंदवहीवरूनच हिशेब काढतं, त्यामुळे काही सेकंदांत मोकळं होतं.

तरीही तफावत उरली तर बहुतेक वेळा ती रिस्टोअर पॉइंटची असते. सिस्टीम प्रोटेक्शनच्या खिडकीत कॉन्फिगर दाबलं की त्यांनी किती जागा घेतली आहे ते कळतं, आणि तिथेच कमाल मर्यादाही कमी करता येते. मर्यादा कमी करा, पण सोय पूर्ण बंद करू नका. एखादा ड्रायव्हर बिघडला की तीच उपयोगी पडते.

उलटी फसगतही होते. विनएसएक्सएस हा विंडोजच्या स्वतःच्या घटकांचा फोल्डर भयानक मोठा दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच फाइल हार्ड लिंक असतात. एकच फाइल दोन ठिकाणी दिसते आणि मोजणीत दोनदा धरली जाते. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत फक्त ऑनलाइन ठेवलेल्या फाइलचा आकार भला मोठा दिसला तरी डिस्कवरची जागा जवळपास शून्य असते. प्रॉपर्टीजमध्ये 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' हे दोन आकडे वेगळे असतात. आपल्या कामाचा दुसरा.

हाताने पुसू नयेत अशा गोष्टी

विनएसएक्सएसमधून स्वतः काहीही डिलीट करू नका. विंडोज सुरू न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्याची सफाई डिस्क क्लीनअपमधल्या 'सिस्टीम फाइल'च्या पर्यायातून होते. विंडोज फोल्डरच्या आतला इन्स्टॉलर नावाचा फोल्डर तसाच. तो निरुपयोगी वाटतो, पण तो पुसल्यावर ऑफिससारखे प्रोग्रॅम पुढे ना अपडेट होतात ना नीट काढता येतात.

विंडोज.ओल्ड हे मोठ्या अपडेटच्या आधीचं जुनं विंडोज. मागे जाता यावं म्हणून ते साधारण १० दिवस ठेवलं जातं आणि मग आपोआप जातं. घाई असेल तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज, तिथे टेम्पररी फाइल्स, असं जाऊन काढा. मात्र या यादीत एक सापळा आहे. तिच्यात डाउनलोड्सचा फोल्डरही असतो. २०१८ च्या १८०९ आवृत्तीत तर तो जुन्या डिस्क क्लीनअपच्या यादीतही आला होता. 'सगळंच कचरा' समजून प्रत्येक चौकटीत खूण करणाऱ्यांची कागदपत्रं अशीच जातात. प्रत्येक ओळ वाचून मगच खूण करा.

हायबरनेशन म्हणजे चालू काम डिस्कवर जपून कॉम्प्युटर बंद करण्याची सोय. तिची फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते. म्हणजे १६ जीबी रॅमला सहा जीबीहून थोडी जास्त. डेस्कटॉप कधीच हायबरनेट करत नसाल तर ही सोय बंद करून तेवढी जागा खुशाल मिळवा, पण त्याबरोबर फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर सुरू होण्याची सोयही जाईल. पेजफाइलला मात्र हात लावू नका. ती बंद केली की मेमरी कमी पडताच प्रोग्रॅम धडाधड बंद पडू लागतात.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या प्रोग्रॅमनी जागा मिळत नाही. सगळी रजिस्ट्री मिळूनही गेलेल्या जीबींच्या तुलनेत किरकोळ असते.

खरा साठा बहुधा विसरलेल्या कोपऱ्यात सापडतो. आयफोनचा कॉम्प्युटरवर घेतलेला बॅकअप ॲपडेटासारख्या लपवलेल्या फोल्डरमध्ये पन्नास-साठ जीबी होऊन बसलेला असू शकतो. व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅमची कॅशे, म्हणजे काम वेगाने व्हावं म्हणून साठवलेल्या फाइल, प्रोजेक्ट संपला तरी राहते. आणि रिसायकल बिन प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा असतो. तुम्ही तुमचा रिकामा केलात तरी मुलीच्या खात्यातला भरलेलाच असतो.

मॅक आणि लिनक्सवर

मॅकवर ट्रॅश रिकामा करूनही जागा वाढत नसेल तर टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीचे स्थानिक स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या डिस्कच्या प्रती, त्या फाइल धरून असतात. साधारण एका दिवसात ते आपोआप सुटतात, त्यामुळे लगेच आणखी काही पुसायला घेऊ नका. लिनक्सवर डिलीट केलेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रॅमने उघडी ठेवली असेल, तर तो बंद होईपर्यंत जागा परत मिळत नाही. शिवाय ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल व्यवस्थेत ५ टक्के जागा सहसा रूट, म्हणजे मुख्य प्रशासक खात्यासाठी राखीव असते, म्हणजे १ टीबीच्या डेटा डिस्कवर सुमारे ५० जीबी.

सगळं करूनही हिशेब लागत नसेल तर

मग फाइल सिस्टीममध्येच, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या नोंदींमध्ये, गोंधळ असू शकतो. वीज अचानक जाणं किंवा बटण दाबून कॉम्प्युटर बंद करणं याने असं होतं. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासण्याचं साधन चालवलं तर अशी बेवारस जागा मोकळी होते किंवा तिच्यातले तुकडे 'फाउंड' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जमा होतात. पण ते थेट दुरुस्तीच्या पर्यायासह चालवू नका. आधी नुसती तपासणी करा, तिच्यात डिस्कवर काही बदल होत नाही. अहवालात बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कच्या खराब झालेल्या भागांपुढे शून्याऐवजी आकडा दिसला, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर प्रश्न जागेचा राहिलेला नाही. दुरुस्ती बाजूला ठेवा आणि बाहेरची डिस्क जोडून सगळ्यात आधी तेच फोटो तिच्यावर कॉपी करा, जे तुम्ही सकाळी डिलीट करायला निघाला होतात.