लाइट रेल उपनगरात नेताना या चुका टाळा

लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी हलकी शहरी रेल्वे, शहराच्या हद्दीबाहेर वाढवायची ठरली की सगळ्यात आधी नकाशावर रेघ ओढली जाते. रूळ कुठून जाणार, स्थानकं किती, शेवटचं स्थानक कोणाच्या हद्दीत. लोक थांब्यापर्यंत येणार कसे, गाड्या किती वाढवाव्या लागणार, रोजच्या चालवण्याचा खर्च कोण उचलणार हे प्रश्न मागाहून येतात, आणि तोवर ती रेघ हलवणं कोणाच्याच हातात राहिलेलं नसतं. विस्तारातल्या बहुतेक अडचणी या उलट्या क्रमातून जन्मतात असं माझं ठाम मत आहे. नियोजन विभागातली माणसं, नगरसेवक आणि हरकती-सूचना नोंदवणारे रहिवासी या तिघांनाही उपयोगी पडावं अशा बेताने हे लिहितो आहे.

जागा मोकळी आहे म्हणून मार्ग तिथून

बंद पडत आलेली मालगाडीची लाइन किंवा महामार्गाचा दुभाजक दिसला की भूसंपादन वाचलं असं वाटतं. ते खरंही असतं. पण त्या जागेच्या आसपास बहुधा लोक राहत नाहीत, म्हणून तर ती मोकळी राहिलेली असते.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या ग्रीन लाइन या लाइट रेलचा नैर्ऋत्येकडचा विस्तार पाहा. ईडन प्रेरी या उपनगरापर्यंतचा हा सुमारे २३ किलोमीटरचा मार्ग. दाट वस्तीच्या अपटाउन भागातून न नेता तो केनिलवर्थ नावाच्या जुन्या रेल्वेपट्ट्यातून न्यायचं ठरलं. तिथली मालवाहतूक दुसरीकडे हलवता येईल असं धरलं होतं, ते जमलं नाही. मग अरुंद पट्ट्यात मालगाडी, सायकलमार्ग आणि लाइट रेल असं सगळं बसवण्यासाठी राहत्या इमारतीला खेटून बोगदा करावा लागला. २०१८ मध्ये सुमारे २ अब्ज डॉलर धरलेला खर्च २.७ अब्जांच्या वर गेला आणि २०२३ मध्ये अपेक्षित असलेली सेवा २०२७ वर ढकलली गेली. सोपी म्हणून घेतलेली जागा महाग पडली, आणि दाट वस्ती मार्गाबाहेर राहिली ती राहिलीच.

जुनी रेल्वेची जागा नेहमीच वाईट असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टरने १९९२ मध्ये बरी आणि ऑल्ट्रिंचम या गावांकडच्या जुन्या उपनगरी रेल्वेमार्गांवरच मेट्रोलिंक ही लाइट रेल सुरू केली आणि ती चालली, कारण तिथली वस्ती त्या स्थानकांभोवतीच वाढलेली होती. अमेरिकेतल्या पोर्टलंडची हिल्सबरो उपनगरापर्यंतची लाइन १९९८ मध्ये सुरू झाली तेव्हा ओरेन्को स्थानकाजवळच्या मोकळ्या जमिनीवर दाट, पायी फिरता येईल अशी वसाहत आकाराला येत होती. म्हणजे जुन्या पट्ट्याबद्दल एकच गोष्ट तपासायची: गाव या रुळांकडे तोंड करून वाढलं आहे, की पाठ करून? पाठ करून वाढलं असेल, आणि भोवतालच्या जमिनीचे बांधकाम नियम बदलायची स्थानिक पालिकेची तयारी नसेल, तर दुसरा मार्ग शोधा.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे स्थानकाभोवती ८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून ‘एवढे लोक चालत येतील’ असं मांडणं. वर्तुळ भरतं २ चौरस किलोमीटर. पण उपनगरातले रस्ते वळत वळत एका घरापाशी संपणारे असतात. मध्ये कुंपण येतं, नाला येतो, सहा पदरी रस्ता येतो. खऱ्या रस्त्यांवरून दहा मिनिटं चालून गाठता येणारा भाग मोजला तर तो वर्तुळाच्या निम्म्याच्याही खाली जाऊ शकतो, आणि प्रवासीसंख्येचा अंदाज त्याच प्रमाणात कोसळतो. उपाय अगदी साधे आहेत: बंद गल्लीच्या टोकाला पायवाट, भिंतीत फाटक, नाल्यावर छोटा पूल, रस्त्यावर दिवे. रुळांच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य. मात्र जमीन अनेक खासगी वसाहतींच्या मालकीची असते आणि प्रत्येकीची परवानगी मिळवण्यात वर्षं जातात, त्यामुळे हे काम मार्ग ठरताच हाती घ्यायला हवं. उद्घाटनानंतरच्या ‘सुशोभीकरणा’त ते ढकललं की होत नाही.

नवा तुकडा धरला, जुनी लाइन विसरली

ही चूक सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत जास्त त्रास देते. विस्तार नव्या उपनगरात होतो, पण बदलते ती आख्खी लाइन.

गणित मांडून पाहू. समजा, आज या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० मिनिटं लागतात. जाऊन-येऊन ८०, दोन्ही टोकांना थांबण्याची मिळून १०, म्हणजे फेरा ९० मिनिटांचा. दर १० मिनिटांनी गाडी सोडायची तर ९ गाड्या पुरतात. विस्ताराने एका दिशेला १२ मिनिटं वाढली की फेरा ११४ मिनिटांचा होतो. आता ११.४ म्हणजे १२ गाड्या लागतील. सेवा आहे तेवढीच ठेवायलाही ३ गाड्या जास्त. प्रत्येक गाडी डब्यांचे दोन संच जोडून धावत असेल तर ६ संच, वर देखभालीसाठी राखीव वेगळे. त्यांना रात्री उभं राहायला डेपोत जागा हवी, धुवायला-तपासायला माणसं हवीत, चालक हवेत. डेपो शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर रोज पहाटे रिकाम्या गाड्या सगळी लाइन ओलांडून उपनगरात पाठवाव्या लागतील. सविस्तर प्रकल्प अहवालात रुळांवर शंभर पानं आणि डेपोवर दोन परिच्छेद दिसले तर तिथेच थांबून प्रश्न विचारा.

याच उदाहरणात चौकांवर सिग्नलला प्राधान्य देऊन फेऱ्यातली ४ मिनिटं वाचवली, तर फेरा ११० मिनिटांवर येतो आणि ११ गाड्यांत भागतं. एक गाडी आणि तिचे सगळे चालक वाचले, तेही दर वर्षी. चौकातल्या त्या काही सेकंदांसाठी वाहतूक विभागाशी भांडणं किती मोलाचं आहे हे यावरून कळावं. उलट, टोकाला थांबण्याची १० मिनिटं कापून गणित जुळवायचा मोह आवरा. लाइन लांबली की उशीरही जास्त साचतो, आणि तो पुसून टाकायची जागा फक्त टोकाला असते.

आतल्या स्थानकांचंही पाहा. सकाळी गाडी उपनगरातूनच भरून येऊ लागली की वर्षानुवर्षं मधल्या स्थानकांवर चढणारे प्रवासी फलाटावरच राहतात. त्यांच्यासाठी मधूनच सुटणाऱ्या गाड्या हव्यात, आणि त्या सोडायला परत फिरण्याचा जादा रूळ व क्रॉसओव्हर (एका रुळावरून दुसऱ्यावर जाण्याचा जोड) आराखड्यातच हवेत. नंतर चालत्या लाइनवर ते बसवायचे तर सेवा बंद ठेवावी लागते. जास्त गाड्या एकाच वेळी धावल्या की विजेची उपकेंद्रंही अपुरी पडतात. पोर्टलंडमध्ये चार मार्गिका १९१२ च्या स्टील ब्रिजवरून नदी ओलांडतात. बाहेर कितीही शाखा वाढवल्या तरी पुलावरून तासाला जितक्या गाड्या जातील तितक्याच. तुमच्या जाळ्यातला असा ‘पूल’ कोणता, हे नव्या शाखेचा विचार करण्यापूर्वी ओळखून ठेवा.

जमिनीखाली काय आहे ते नंतर पाहू

स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहराने याची मोठी किंमत मोजली. तिथली ट्राम २०११ मध्ये धावायची होती, ती धावली मे २०१४ मध्ये. ५४.५ कोटी पाउंडांच्या तरतुदीऐवजी ७७.६ कोटी खर्च झाले आणि मार्ग मात्र ठरल्यापेक्षा आखूड झाला. कंत्राटदाराशी झालेल्या वादासह कारणं अनेक होती, पण रस्त्याखालच्या जलवाहिन्या, गॅसवाहिन्या आणि केबल हलवण्याचं काम अंदाजापेक्षा कितीतरी वाढलं हे त्यांतलं ठळक कारण. लीथमार्गे न्यूहेवनपर्यंतचा राहिलेला भाग जून २०२३ मध्ये सुरू झाला.

उपनगरात रस्ते रुंद असतात म्हणून हा धोका कमी, असं समजू नका. तिथे वाहिन्या टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या विकासकांनी टाकलेल्या असतात आणि नकाशे अर्धवट असतात. निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक चौकात आणि प्रत्येक नियोजित स्थानकाच्या जागी चाचणीचे खड्डे घेऊन पाहणी करा. वाहिन्यांचं काम रुळांच्या कामाआधी संपवा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवली की एकाचा उशीर दुसऱ्याच्या भरपाईच्या दाव्यात बदलतो.

यातच एक तांत्रिक बाब आहे. लाइट रेल सहसा ७५० व्होल्ट डीसी विजेवर चालते आणि विद्युतप्रवाह रुळांमधूनच उपकेंद्राकडे परत येतो. रूळ जमिनीपासून नीट विलग केलेले नसतील तर हा प्रवाह जमिनीत गळतो, जवळच्या धातूच्या पाइपातून वाट काढतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे पाइप गंजवतो. रुळांना रबरी वेष्टन हवंच. शिवाय सेवा सुरू होण्यापूर्वी आसपासच्या जलवाहिन्यांची विद्युत मोजमापं घेऊन ठेवा. ती नसतील तर काही वर्षांनी पाइप फुटला की दोष कोणाचा हे ठरवायला हातात काहीच नसतं.

प्रत्येक स्थानकाला वाहनतळ

उपनगरातले लोकप्रतिनिधी सर्वांत आधी वाहनतळ मागतात. मोटारगाडीला ये-जा करण्याच्या जागेसह साधारण २५ ते ३० चौरस मीटर लागतात. हजार गाड्यांना अडीच-तीन हेक्टर, तेही फलाटाला लागून असलेल्या सर्वांत मोलाच्या जमिनीवर. सकाळी तो एकदा भरला की दिवसभरात त्यातून नवे प्रवासी मिळत नाहीत, म्हणून दुपारच्या गाड्या रिकाम्या धावतात. वाहनतळ शेवटच्या, महामार्गाजवळच्या एक-दोन स्थानकांवर ठेवा. मधल्या स्थानकांजवळची जमीन घरं, दवाखाने, महाविद्यालयं आणि फिडर बसच्या (वस्तीतून स्थानकापर्यंत प्रवासी आणणाऱ्या बसच्या) थांब्यासाठी राखा. ही बस फलाटाच्या शेजारी थांबली पाहिजे. रस्ता ओलांडायला लावणारा थांबा वेळापत्रकातली सगळी मेहनत वाया घालवतो.

वेग आणि सुरक्षितता

स्वतंत्र मार्गावरून ७०-८० किलोमीटर वेगाने आलेली गाडी शहरी वळणावर येते तो बिंदू आराखड्यात लाल शाईने दाखवावा इतका महत्त्वाचा आहे. ९ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडनच्या क्रॉयडन भागात सँडिलँड्स इथे ताशी २० किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या वळणावर ट्राम सुमारे ७३ च्या वेगाने आली आणि उलटली. ७ जणांचा जीव गेला. गाडी जुन्या रेल्वे बोगद्यातून बाहेर पडून तीव्र वळणाकडे येत होती. अशा जागी फक्त चालकाच्या नजरेवर विसंबू नका. वेग आपोआप रोखणारी यंत्रणा, खूप आधीपासून दिसणाऱ्या सूचना आणि प्रकाशयोजना पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

बांधायला पैसे आहेत, चालवायला?

मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्ल्युबियर आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या प्रकल्पांची आकडेवारी तपासून २००५ मध्ये दाखवलं की १० पैकी ९ रेल्वे प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज फुगवलेला होता. प्रत्यक्ष प्रवासी सरासरीने अंदाजाच्या निम्मेच होते. तिकिटांचं उत्पन्न याच अंदाजावर बेतलेलं असतं. म्हणून अंदाजाच्या निम्मे प्रवासी धरून चालवण्याचा खर्च मांडा आणि तूट कोणती पालिका किती भरणार हे लेखी ठरवा, तेही मार्ग जाहीर करण्यापूर्वी. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर भागात पोर्टलंडची लाइट रेल नदीपलीकडे आणायची होती. ती चालवण्यासाठीचा विक्रीकर मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये नाकारला, आणि पुढे नव्या पुलाचा तो प्रकल्पच बारगळला.

जनसुनावणीतही हाच उलटा क्रम दिसतो. लोकांना तयार आराखडा दाखवून मत विचारलं की उरतात फक्त दोन बाजू, हवं आणि नको. दोन-तीन मार्ग, प्रत्येकाचा खर्च, कोणाच्या दारातून किती आवाज जाणार, कोणाचा वेळ किती वाचणार असं सगळं मांडून विचारलं तर लोक फार उपयोगी बोलतात. शाळेची मुलं कुठे रस्ता ओलांडतात, पावसात पाणी कुठे तुंबतं हे त्यांनाच माहीत असतं.

लाइन सुरू झाली, आता अडचणी दिसतात

पहिल्याच आठवड्यात जुन्या बस बंद करू नका. कॅनडातल्या ओटावामध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये नवी लाइन सुरू झाली आणि तीनच आठवड्यांनी समांतर बस काढून घेतल्या गेल्या. त्यानंतर दरवाजे अडकण्यासारख्या बिघाडांनी गाड्या खोळंबल्या आणि फलाट तुंबले. लाइन सलग काही महिने भरवशाने चालेपर्यंत पर्यायी बस हाताशी ठेवा.

गाड्या एकामागोमाग जोडीने येत असतील तर कारण बहुधा शहरातल्या चौकांत असतं, उपनगरात नाही. प्रत्येक चौकात किती सेकंद जातात याची नोंद काढा आणि सर्वांत वाईट चौकापासून सुरुवात करा. सकाळी गर्दी आणि दुपारी शुकशुकाट असेल तर फिडर बसचं दुपारचं वेळापत्रक तपासा. बस तासाला एक आणि गाडी दहा मिनिटांनी असेल तर प्रवाशाच्या लेखी सेवा तासाला एकच आहे. एखाद्याच स्थानकावर प्रवासी येत नसतील तर ते बंद करण्याच्या गोष्टी सुरू होण्याआधी तिथल्या सर्वांत जवळच्या वसाहतीतून, संध्याकाळी अंधार पडल्यावर, फलाटापर्यंत चालत जाऊन पाहा. वाटेत जिथे थबकायला होईल, त्या जागेची दुरुस्ती आधी करा.