डिक्शनरीच्या पोटातली लिस्ट फंक्शनला देताना

पायथनमध्ये वर्गाचे गुण ठेवायचे आहेत असं धरा. बाहेर एक डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक 'की'खाली (खुणेच्या नावाखाली) एक किंमत ठेवणारा साठा; इथे की म्हणजे रोल नंबर. प्रत्येक रोल नंबरखाली आणखी एक डिक्शनरी, तिच्यात नाव आणि गुण. गुणांखाली तीन आकड्यांची लिस्ट. ही अख्खी उतरंड फंक्शनला द्यायची तर कंसात तिचं नाव लिहिलं की झालं. गोची पुढे आहे.

पायथन फंक्शनला प्रत देत नाही, त्याच वस्तूला आणखी एक नाव चिकटवतो. फंक्शनच्या आत पॅरामीटरलाच, म्हणजे या आतल्या नावालाच, नवी डिक्शनरी दिली, तर ते नाव तिकडे वळतं आणि बाहेरचा डेटा जसाच्या तसा राहतो. पण चौकोनी कंस लावत आत शिरून १७ नंबरच्या मुलाचे ३३ गुण ३५ केले, तर बाहेरही ३५च दिसतात. एवढा फरक नीट कळला तर निम्मं काम झालं.

मग नवखे कॉपी ही मेथड वापरतात आणि निश्चिंत होतात. तिने फक्त सगळ्यात बाहेरची डिक्शनरी नवी होते, आतल्या त्याच राहतात. ३५ पुन्हा दोन्हीकडे! खात्री हवी असेल तर दोन्हींतला १७ नंबर 'इज' (दोन्ही एकच वस्तू आहे का ते सांगणारा शब्द) लावून तपासा, उत्तर ट्रू येईल. कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी तळापर्यंत सगळं नवं करतं, पण मोठ्या डेटावर ते संथ चालतं. लूपमध्ये तर टाळाच. एकाच मुलाचे गुण बदलायचे असतील तर बाहेरची डिक्शनरी, त्या मुलाची डिक्शनरी आणि त्याची लिस्ट एवढ्याच तीन गोष्टी नव्या करा. बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.

त्याहून बरं म्हणजे फंक्शन लिहितानाच ठरवा: दिलेलं बदलायचं, की नवं परत करायचं? लिस्टची सॉर्ट मेथड तीच लिस्ट जागेवर बदलते आणि नन (पायथनमधलं 'काहीच नाही') परत करते, सॉर्टेड हे फंक्शन नवी लिस्ट देतं. सॉर्टचं उत्तर त्याच नावात साठवलं की लिस्ट गेली, हातात नन उरतो.

पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत रिकामी लिस्ट कधीच ठेवू नका. ती फंक्शनची व्याख्या चालते तेव्हा एकदाच तयार होते, त्यामुळे पहिल्या कॉलमध्ये जोडलेलं दुसऱ्या कॉलमध्ये शिल्लक दिसतं. डिफॉल्ट नन ठेवा, लिस्ट आत बनवा.

डेटा जेसॉनमधून (डेटा मजकुराच्या रूपात साठवायची पद्धत) येत असेल तर दोन गोष्टी छळतात. एक, डिक्शनरीत ती 'की' नसेल तर गेट मेथड डिफॉल्ट देते, पण 'की' आहे आणि किंमत नल (जेसॉनमधलं 'काहीच नाही') आहे, तर ननच मिळतो आणि त्यावर पुढचं गेट लावताच ॲट्रिब्यूट एरर येतो. दुसरी, जेसॉनमध्ये की नेहमी स्ट्रिंगच (मजकूरच) असते. १७ हा पूर्णांक की म्हणून लिहिलात तरी परत वाचताना तो अवतरणचिन्हांतला १७ होऊन येतो, आणि समोर दिसत असलेल्या रोल नंबरवर की एरर बसतो. फंक्शनला देण्याआधी रोल नंबर पुन्हा पूर्णांक करून घ्या.