खासगीपणासाठी दिवाणी दावा लावताय? या चुका टाळा

खासगीपणाच्या दाव्यात सगळ्यात महाग पडते ती दिरंगाई. शेजाऱ्याने कॅमेरा आपल्या खिडकीवर रोखला किंवा कुणी जुने फोटो फिरवायला लागलं, की माणूस आधी समजुतीने घेतो, मग ओळखीच्यांना मध्ये घालतो. त्यात चार-सहा महिने जातात. नंतर कोर्टात तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला सगळे 'निशाणी ५' म्हणतात तो, दिला की पहिला प्रश्न येतो, इतके दिवस काय करत होतात?

प्रश्न रास्त आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम १ व २ खाली हुकूम देताना कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी केस आहे का, सोयी-गैरसोयीचं पारडं कुणाकडे झुकतं आणि पैशाने भरून न येणारं नुकसान होतंय का. सहा महिने गप्प बसलेल्याला तिसरी गोष्ट पटवून देणं जड जातं. शिवाय चालू असलेल्या उल्लंघनाला वादीने मूक संमती दिली असेल तर मनाई नाकारावी, असं विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ४१ सांगतं. म्हणून बोलणी जरूर करा, पण पहिल्याच आठवड्यात लेखी हरकत पाठवून पोच जपून ठेवा.

एकतर्फी हुकूम, म्हणजे समोरच्याचं न ऐकता दिलेला, मिळाला की निवांत होणं हीसुद्धा चूकच. त्याच आदेश ३९ च्या नियम ३ प्रमाणे दावा, अर्ज आणि कागदपत्रांच्या प्रती ताबडतोब समोरच्याला पाठवायच्या असतात आणि पाठवल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं असतं. हे राहिलं, तर हुकूम उठवण्यासाठी समोरच्याला आयतं कारण मिळतं.

दुसरी गफलत वादपत्रात होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, तेवढा निकाल जोडून लोक मोकळे होतात. पण मूलभूत हक्काची ढाल प्रामुख्याने सरकारविरुद्ध असते. शेजारी, माजी जोडीदार किंवा मालक यांच्याविरुद्ध त्यांनी नेमकं कोणतं दिवाणी अपकृत्य (ज्यासाठी भरपाई मागता येते असं गैरकृत्य) केलं ते मांडावं लागतं. इथे सर्वोच्च न्यायालयाचाच १९९४ चा राजगोपाल निकाल जास्त कामाचा. खासगीपणात बेकायदा घुसखोरी झाली तर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, हे त्यात स्पष्ट आहे. मर्यादाही त्यातच आहेत: सार्वजनिक दप्तरात आलेली माहिती आणि सरकारी पदाधिकाऱ्याचं कर्तव्याशी संबंधित वर्तन यांवर ही तक्रार सहसा चालत नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ, कारण सर्वाधिक कच्च्या मागण्या तिथेच दिसतात. 'प्रतिवादीने माझ्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करू नये' असा हुकूम मिळाला तरी त्याची अंमलबजावणी कशी करणार? कॅमेरा कुठे बसवलाय, त्याच्या चौकटीत तुमचं काय काय येतं (दार, न्हाणीघराची खिडकी, वाळत घातलेले कपडे), तो कोणत्या दिशेला वळवावा आणि साठवलेल्या चित्रणाचं काय करावं, हे सगळं लिहा. 'कॅमेरा काढूनच टाका' ही मागणी विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३९ खालच्या आदेशात्मक मनाईची, म्हणजे समोरच्याला काही करायला लावणाऱ्या हुकुमाची, तिला कोर्ट सहजी तयार होत नाही. म्हणून पर्याय द्या: कोन बदलावा, नाहीतर तुमच्या घराचा भाग प्रायव्हसी मास्क (चित्रणातला तेवढा भाग काळा करणारी कॅमेऱ्याची सोय) लावून झाकावा. प्रतिवादी हमखास म्हणणार, सुरक्षेसाठी लावलाय, तुमचं घर दिसतच नाही. त्यावर वाद घालत बसू नका. आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेची पाहणी करून कोर्टाला अहवाल देणारी व्यक्ती, मागा आणि त्यांनी नुसता बाहेरचा कॅमेरा न बघता आतला स्क्रीनही बघावा, असं अर्जात लिहा. स्क्रीनवर काय दिसतं, यावरच सगळं ठरतं.

भरपाई हवी असेल तर तीही याच वादपत्रात मागा. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ४० प्रमाणे न मागितलेली भरपाई मिळत नाही. दुरुस्ती करून ती घालता येते, पण मनाईचा दावा फेटाळला गेल्यावर त्याच उल्लंघनासाठी वेगळा भरपाईचा दावा लावता येत नाही.

पुराव्याचं थोडक्यात सांगतो. स्क्रीनशॉटची छापील प्रत पुरेशी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे पडताळणारा तिचा अंकाक्षरी ठसा) द्यावी लागते. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. आणि पुरावा गोळा करायला समोरच्याचा फोन चोरून उघडू नका. असा पुरावा कोर्टाने विचारात घेतला तरी ते कृत्य तुमच्या अंगाशी येऊ शकतं.

ज्या चुकीचं मला सगळ्यात वाईट वाटतं, ती मात्र वेगळीच आहे. ज्या फोटोंसाठी दावा लावला, तेच फोटो लोक वादपत्राला साधी कागदपत्रं म्हणून जोडतात. मग ते कारकुनापासून समोरच्या वकिलापर्यंत सगळ्यांच्या हातून फिरतात आणि पक्षकाराचं नाव ई-कोर्टच्या संकेतस्थळावर झळकतं. आधीच पोळलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सोसावं लागतं, आणि ते टाळता येतं. कोर्ट खुलं असतं खरं, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३-ब च्या परंतुकाने न्यायाधीश लोकांना बाहेर ठेवू शकतात. बंद दालनातली सुनावणी, सीलबंद लिफाफा आणि नाव झाकणं, या तिन्हींचा अर्ज दाव्यासोबत पहिल्याच दिवशी द्या. मजकूर एकदा नोंदीत गेला की मागे घेणं अवघड.

प्रतिवादी सरकारी खातं असेल तर त्याच संहितेच्या कलम ८० ची, दाव्याआधी द्यायची दोन महिन्यांची नोटीस विसरू नका. तातडी असेल तर त्याच कलमाच्या पोटकलम २ खाली नोटिशीशिवाय दावा लावायची परवानगी मागता येते.

हुकूम मोडला गेला तर आदेश ३९ च्या नियम २-अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. पण अर्जात 'अजूनही त्रास देतो' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, हुकुमातल्या कोणत्या वाक्याचा भंग झाला ते लिहा आणि हुकूम त्याच्या हाती पडल्याची पोच जोडा.