ब्लॅकबेरी कीवन घ्यावा का कीटू? जुना बटणांचा फोन ताडून बघायची माझी पद्धत

सेकंडहँडमध्ये क्वर्टीवाला, म्हणजे इंग्रजी अक्षरांची खरी बटणं असलेला अँड्रॉइड शोधायला लागलात की फिरून फिरून दोनच फोन समोर येतात, कीवन आणि कीटू. दोन्ही टीसीएल या चिनी कंपनीने बनवलेले, दोन्हींवर नाव ब्लॅकबेरीचं, स्क्रीन दोन्हींची साडेचार इंची आणि रिझोल्युशनपण तेच १६२० बाय १०८०. फोटोत बघितलं तर फरक कळत नाही, आणि किमतीत फरक असतो म्हणून लोक विचारतात की जास्तीचे पैसे कशाला द्यायचे. मी दोन्ही वापरलेत आणि ओळखीच्यांना निवडून दिलेत, म्हणून कसं बघायचं ते सविस्तर लिहितोय.

आधी थोडक्यात ओळख. कीवन आला २०१७ मध्ये, आपल्याकडे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात ब्लॅकबेरी विकणाऱ्या ऑप्टिमस कंपनीने काळ्या रंगाचा लिमिटेड एडिशन आणला ३९,९९० ला, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. बाहेरच्या देशातला साधा कीवन मात्र ३ जीबी आणि ३२ जीबीचा, म्हणून कोणी 'कीवन आहे' म्हटलं की पहिला प्रश्न, कुठला? कीटू आला २०१८ च्या जूनमध्ये, भारतात जुलैत, ४२,९९० ला. त्यात ६ जीबी रॅम. आणि एक तिसरा भाऊ आहे, कीटू एलई, त्याच्यात फसू नका. नाव जवळपास तेच आहे पण त्याच्या बटणांवर बोट फिरवून स्क्रोल होत नाही, बॅटरीपण ३००० एमएएचची आहे. विकणारे कधी मुद्दाम तर कधी माहीत नसतं म्हणून नुसतं 'कीटू' लिहितात. सेटिंगमध्ये अबाउट फोनला जाऊन मॉडेल बघा, बीबीबी १०० म्हणजे कीवन, बीबीएफ १०० म्हणजे कीटू, बीबीई १०० म्हणजे एलई.

आता बटणं, कारण आपण हा फोन त्यांच्यासाठीच घेतोय ना. प्रोसेसर आणि कॅमेऱ्याचे आकडे नंतर बघा, आधी दोन्ही फोन हातात घ्या आणि प्रत्येकावर किमान दहा मिनिटं टाइप करा. दोन शब्द लिहून काही कळत नाही. रोज जसा मेसेज लिहिता तसा एक मोठा मेसेज लिहा, मध्ये आकडे टाका, प्रश्नचिन्ह टाका, एक पत्ता पिनकोडसकट लिहा.

कीवनची बटणं गुळगुळीत आणि चकचकीत आहेत, प्रत्येक बटणाला हलका उतार आहे, त्यामुळे अंगठा न बघता बरोबर बसतो. दोन ओळींच्या मध्ये धातूच्या बारीक पट्ट्या आहेत, त्या अंगठ्याला लागतात आणि आपण कुठल्या ओळीवर आहोत ते कळतं. पण बटणं उंचीला कमी आहेत, अंगठा जाड असेल तर शेजारचं बटण दाबलं जातं. कीटूत बटणं कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २० टक्के उंच केली आणि वर मॅट फिनिश दिलं. पहिल्या दिवशी मला ती सपाट वाटली होती, आठवड्याभरात मात्र चुका कमी झाल्या आणि लांबलचक मेल लिहायला कीटूच बरा वाटायला लागला. माझ्या बहिणीचा अनुभव उलटा आहे, तिची बोटं लहान आहेत, तिला कीवनचा उतारच आवडतो आणि कीटू तिने दोन दिवसांत परत दिला. म्हणून म्हणतो की हे दुसऱ्याच्या रिव्ह्यूवर ठरवू नका.

टाइप करताना नजर कुठे ठेवायची तर एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटतंय का तिकडे. झिजलेल्या बटणांत हे होतं, आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त वापरातल्या अक्षरांचं होतं, ए, ई, आय, आणि बॅकस्पेस. एकेक अक्षर वीसवीस वेळा सावकाश दाबा आणि मग स्क्रीनवर मोजा, वीसच आली पाहिजेत. विकणारा कंटाळला तरी चालेल पण हे कराच, कारण या फोनांचे कीबोर्डचे पार्ट मिळणं आता अवघड आहे, आणि मिळाला तरी बदलणारा माणूस मिळणं त्याहून अवघड.

मग बटणांवरून हलकं बोट फिरवून बघा, दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. वेबपेज वरखाली सरकलं पाहिजे. टाइप करताना बोट डावीकडे झटकलं की मागचा शब्द पुसला जातो, आणि स्क्रीनच्या खाली जे तीन शब्द सुचवतो त्यातल्या एखाद्याखाली बोट वर झटकलं की तो शब्द वर जाऊन बसतो. ही सवय एकदा लागली की साधा टचस्क्रीन नको वाटतो. कीबोर्डच्या एका कोपऱ्यात हे चाललं नाही तर समजायचं की आत काहीतरी बिघडलंय किंवा पाणी गेलंय. स्पेसबारमध्ये फिंगरप्रिंट आहे तोपण लगेच सेट करून चार-पाच वेळा उघडून बघा.

शॉर्टकटचा फरक खरंच मोठा आहे. दोन्हींत २६ अक्षरांना छोटा दाब आणि लांब दाब असे मिळून ५२ शॉर्टकट लावता येतात, पण कीवनमध्ये ते फक्त होमस्क्रीनवरून चालतात. कीटूत उजवीकडचं शिफ्ट काढून तिथे स्पीड की दिली, ती धरून अक्षर दाबलं की कुठल्याही अ‍ॅपमधून थेट दुसऱ्यात. मी डब्ल्यूला व्हॉट्सअ‍ॅप, सीला कॅलेंडर आणि एमला आईचा नंबर लावलाय, मेल वाचता वाचता स्पीड की आणि एम दाबलं की फोन लागतो. ज्यांना दिवसभर चार अ‍ॅपमध्ये उड्या मारायच्या असतात त्यांनी फक्त या एका गोष्टीसाठी कीटूचे जास्त पैसे दिले तरी वाया जात नाहीत.

मराठीचं काय, हे सगळे विचारतात. बटणांवर फक्त इंग्रजी अक्षरं आहेत. स्क्रीनवरचा कीबोर्ड वेगळा उघडून मराठी लिहिता येतं पण मग साडेचार इंचातली बरीच जागा तोच खातो. तुम्हाला दिवसभर देवनागरीत लिहायचं असेल तर तुमची पद्धत या फोनवर जमते का ते विकत घेण्याआधी एक पूर्ण परिच्छेद लिहून बघा, जोडाक्षरांसकट.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. कीवनमध्ये स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसर, कीटूत ६६०. ३ जीबीचा कीवन आजच्या अ‍ॅपना दमतो, ४ जीबीचा बरा, कीटू अजून आरामात चालतो. कॅमेऱ्यात मात्र नवा तो चांगला असं धरून चालू नका. कीवनचा १२ मेगापिक्सेलचा सेन्सर त्या काळच्या गुगल पिक्सेलमधला आहे आणि संध्याकाळच्या उजेडात मला त्याचेच फोटो जास्त आवडतात. कीटूत मागे दोन कॅमेरे आहेत, लांबचं जवळ आणायला आणि पोर्ट्रेटला त्यांचा उपयोग.

बॅटरी दोन्हींची ३५०० च्या आसपास, पण हा आकडा नव्या फोनचा, तुमच्या समोरचा फोन सात-आठ वर्षांचा आहे. फोन टेबलावर उताणा ठेवून बोटाने गरकन फिरवा, भिंगरीसारखा फिरला तर पाठ फुगलीय, मग कितीही स्वस्त असो, घेऊ नका. कीवनमध्ये स्क्रीनची कडपण नीट बघा, नख फिरवून कुठे फट लागते का. सुरुवातीच्या कीवनची स्क्रीन जोर लावल्यावर सुटून येते अशी तक्रार २०१७ मध्ये झाली होती आणि नंतर कंपनीने जास्त चिकटवण्याचं जाहीर केलं होतं. फट असेल तर ती जुनी खोट असू शकते नाहीतर आतली बॅटरी फुगून स्क्रीन उचलत असू शकते, दोन्ही वाईटच.

नेटवर्कमध्ये सगळ्यात जास्त लोक अडकतात. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, म्हणजे फोनमध्ये व्होल्टीई (४जीवरूनच कॉल करायची सोय) चालत नसेल तर नेट चालेल पण कॉल लागणारच नाही. भारतात विकलेल्या फोनची अडचण सहसा येत नाही, अमेरिकेतून कोणी आणलेला असेल तर जपून, जिओला लागणारा ४जीचा फ्रिक्वेन्सी बँड ४० त्यात असेलच असं नाही. स्वतःचं सिम घेऊन जा, समोर उभं राहून कॉल करा, कॉल चालू असताना वर ४जीचं चिन्ह टिकतं का ते बघा, पडून टूजीवर गेलं तर व्होल्टीई नाही.

तिथेच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढा आणि केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ ला एसएमएस करा, ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर कळतं. फोन तुमच्यासमोर रीसेट करायला लावा आणि चालू झाल्यावर जुन्या मालकाचं गुगल खातं मागत नाही ना याची खात्री होईपर्यंत पैसे देऊ नका.

एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे आणि ती मनापासून सांगतो. कीवन अँड्रॉइड ७.१ वरून ८.१ ओरिओवर आला, कीटू ८.१ वरच आला आणि तिथेच राहिला. टीसीएलने ३१ ऑगस्ट २०२० नंतर ब्लॅकबेरी विकणं थांबवलं, सिक्युरिटी अपडेट कधीच बंद झालेत. त्यामुळे बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय यावर ठेवू नका, त्यासाठी घरात दुसरा फोन असू द्या. आणि ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ ला ज्या सेवा बंद केल्या त्या बीबी १० (ब्लॅकबेरीची स्वतःची जुनी सिस्टीम) आणि त्याआधीच्या फोनांच्या, कीवन-कीटू अँड्रॉइडवर चालतात म्हणून त्यांना त्याची झळ नाही. कोणी क्यू १० किंवा क्लासिक हे बीबी १० चे फोन दाखवून 'हापण ब्लॅकबेरीच की' म्हणालं तर हा फरक लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर रोजच्या लिखाणाला कीटू, आणि बजेट कमी असेल, बोटं लहान असतील किंवा फोटोची आवड असेल तर ४ जीबीचा कीवन. घरी आणल्यावर जुना मऊ टूथब्रश कोरडाच घेऊन ओळींच्या मधून आडवा फिरवा, फोन उलटा धरून, धूळ खाली पडेल, दोन-तीन आठवड्यांनी एकदा केलं तरी बटणं चिकटत नाहीत.