कलादालनाच्या दिवंगत संचालकांचा गौरव कसा करावा

चित्रावर चित्रकाराची सही असते. ते चित्र प्रथम लोकांसमोर आणणाऱ्याचे नाव तेथे नसते. म्हणून अशा व्यक्तीचा गौरव करताना गुणवर्णनाआधी तिच्या कामाची नोंद हाती घ्यावी. मुंबईच्या केकू गांधी (१९२०–२०१२) यांचे उदाहरण यासाठी डोळ्यांसमोर ठेवता येईल. चित्रांच्या चौकटींच्या व्यवसायात १९४१ पासून असलेल्या या गृहस्थांनी दुकानात तरुण चित्रकारांची चित्रे मांडली, १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनाच्या उभारणीसाठी खटपट केली आणि १९६३ मध्ये त्याच वास्तूच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली.

सर्वप्रथम संचालकांच्या काळातील प्रदर्शनांची सनावळी तयार करावी. तिच्यात केवळ नामवंतांची नावे नकोत. दालनाने कोणाला पहिल्यांदा जागा दिली, हे आवर्जून नोंदवावे. केमोल्डमध्ये १९७५ साली जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रे मांडली गेली. ही नोंद करताना म्हसे यांना आधी प्रोत्साहन देणाऱ्या भास्कर कुलकर्णी यांचा उल्लेखही हवा, कारण एकाचा गौरव करताना दुसऱ्याचे श्रेय झाकले जाणे हा अन्यायच होय. याच न्यायाने केमोल्डच्या कामात केकूंच्या बरोबरीने राबलेल्या त्यांच्या पत्नी खोर्शेद यांना केवळ ऋणनिर्देशात स्थान देऊन भागणार नाही.

निमंत्रणपत्रिका, प्रदर्शनांच्या पुस्तिका, किमतींच्या याद्या, पत्रव्यवहार आणि वृत्तपत्रांतील कात्रणे आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावीत. छायाचित्रांच्या मागे माहिती लिहायची झाल्यास ती मऊ पेन्सिलीने, कडेला आणि हलक्या हाताने लिहावी.

मुलाखतींना मात्र विलंब करू नये. चित्रकार आणि समीक्षक यांच्याकडे सगळेच जातात. परंतु चौकटी बसवणारे, चित्रे टांगणारे आणि दारावर बसणारे कर्मचारी यांच्याकडे असलेली माहिती कोणत्याही कागदावर नसते. ‘ते कसे होते?’ असे विचारण्याऐवजी, विक्री न झालेल्या प्रदर्शनानंतर ते चित्रकाराशी काय बोलत, शाळेची मुले आली तर त्यांना कोण चित्रे दाखवी, असे नेमके प्रश्न विचारावेत आणि उत्तरे संमतीने ध्वनिमुद्रित करावीत.

दालनाबाहेरचे कार्यही वगळू नये. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींनंतर केकू गांधी सलोख्याच्या कामात सहभागी झाले होते. कला सर्वांची आहे असे मानणाऱ्या माणसाच्या चरित्रात या गोष्टीला परिशिष्टात ढकलणे मला योग्य वाटत नाही.

या सामग्रीचे स्मृतिप्रदर्शन विनामूल्य ठेवावे आणि चित्रांखालील माहिती मराठीतही द्यावी. भारतात चित्राचा प्रताधिकार चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो, त्यामुळे पुस्तिकेत चित्रे छापण्यापूर्वी वारसांची लेखी परवानगी घ्यावी. प्रदर्शन उतरल्यावर मूळ कागद कुटुंबाकडे राहिले तरी, त्यांच्या संमतीने, सर्व नोंदींची सुवाच्य प्रत एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आणि दुसरी कलामहाविद्यालयाकडे सोपवावी.