तापानंतर झोप उडालीय? मेलाटोनिन घ्यायच्या आधी हे बघा
डेंगी, चिकनगुनिया नाहीतर कोविड होऊन गेला की खानापूर-बेळगाव साईडला बरेच जण म्हणतात ताप गेला पण झोप लागंना, नावं आठवंनात. मेलाटोनिन म्हणजे अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी सोडते ते हार्मोन, 1958 साली सापडलं, सूज कमी करतं असं उंदरांवर दिसलंय म्हणून व्हायरसच्या मेंदूवरच्या त्रासासाठी त्याचा अभ्यास चाललाय, पण पक्कं औषध अजून नाही हां. आधी रात्री ट्यूबलाईट, मोबाईल बंद करा, सकाळी ऊन घ्या. मग डॉक्टरांना विचारूनच कमी डोस, झोपायच्या तासभर आधी. रक्त पातळ करायची किंवा फिटची गोळी चालू असेल तर सांगा. आणि तापात मान आखडली, माणूस बरळायला लागला, फिट आली तर गोळीबिळी काही नको, लगेच गाडी काढून मोठ्या दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका.